शस्त्रकर्म कोणाच्या नावे? शस्त्रक्रियागृहातील नोंदींचा विचार

एखाद्या शल्यविभागात वर्षभरात किती शस्त्रकर्मे झाली, हे सांगणे सोपे असते. त्यांपैकी कोणत्या वैद्याने स्वहस्ते किती केली, हे सांगणे मात्र अवघड जाते. रुग्णालयाचा हिशेब बहुधा आंतररुग्ण नोंदीवरून होतो, आणि त्या नोंदीवर रुग्ण ज्यांच्या नावे दाखल झाला त्या प्रमुखांचे नाव असते. शस्त्र धरणारा हात कोणाचा, हे शस्त्रक्रियागृहातच लिहिले जाते.

हा प्रश्न इंग्लंडमध्ये विशेष तीव्रतेने पुढे आला. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेची रुग्णालयीन आकडेवारी ज्या एककावर उभी आहे, ते एकक म्हणजे एका कन्सल्टंटच्या जबाबदारीखालील उपचारकाळ. त्या काळात झालेले शस्त्रकर्म त्याच कन्सल्टंटच्या नावे जमा होते. पैशाचा हिशेब व खाटांचे नियोजन यांसाठी ही पद्धत पुरेशी होती. परंतु ब्रिस्टल येथील १९८४ ते १९९५ या काळातील बालहृदय शस्त्रकर्मांच्या चौकशीचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला आणि शल्यकाच्या वैयक्तिक निष्पत्तीकडे लक्ष वेधले गेले. डिसेंबर २०१२ पासून डॉक्टरांच्या परवान्याची नियतकालिक पुनर्तपासणी सुरू झाली. २०१३ पासून काही शाखांतील कन्सल्टंटनिहाय निष्पत्ती जाहीर होऊ लागल्या. चुकीच्या नावे पडलेली नोंद आता कोणाच्या तरी लौकिकावर उठू लागली.

चूक कशी होते, ते पाहू. पोटदुखीचा रुग्ण रात्री कायचिकित्सकाच्या नावे दाखल होतो, पहाटे शल्यक त्याचे आंत्रपुच्छ काढतो. जबाबदारी बदलल्याची नोंद राहिली, तर ते शस्त्रकर्म कायचिकित्सकाच्या खाती जाते. दोन शल्यकांनी मिळून केलेले काम एकाच्याच नावे दिसते. प्रशिक्षणार्थीने केलेले कर्म गुरूच्या नावे जाते, आणि भूलतज्ज्ञ तर त्या हिशेबात कोठेच नसतो.

शस्त्रक्रियागृहाच्या संगणकीय नोंदीत मुख्य शल्यक, साहाय्यक, देखरेख करणारा व भूलतज्ज्ञ यांची नावे वेळांसह असतात. म्हणून ती प्रमाण मानावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तीही निर्दोष नसते. ज्यांची यादी त्यांचेच नाव प्रत्येक ओळीत आपोआप उमटते. योजलेले शस्त्रकर्म लिहिलेले राहते, केलेले नव्हे. शस्त्रकर्माचे नावही प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहितो. यावर उपाय म्हणजे दोन्ही नोंदींची सांगड. कर्ता, त्याची भूमिका व वेळ शस्त्रक्रियागृहातून घ्यावी; कर्माचे सांकेतिक वर्गीकरण रुग्णपत्रक वाचून संकेत देणाऱ्या विभागाकडून घ्यावे; रुग्ण क्रमांक व दिनांक यांवरून दोन्ही जुळवावीत. जी जुळत नाहीत, ती त्या शल्यकापुढे ठेवावीत. ‘स्वतः केले’, ‘साहाय्य केले’ व ‘देखरेख केली’ यांची बेरीज एकत्र करू नये, कारण त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

आपल्याकडे या विषयाला निराळी धार आली ती २०२० साली. त्या नोव्हेंबरात तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने पदव्युत्तर आयुर्वेद शिक्षणाच्या विनियमांत दुरुस्ती करून शल्यतंत्राची ३९ व शालाक्यतंत्राची १९, अशी ५८ कर्मे नावानिशी दिली. पदव्युत्तर विद्यार्थ्याने ती स्वतंत्रपणे करण्याइतके प्रशिक्षण घ्यावे, हा तिचा आशय. इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबर २०२० रोजी काम बंद ठेवून विरोध केला. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. मात्र ‘आपण स्वतः किती केली?’ असे विचारले असता दाखविण्यासारखा कागद एकच: शस्त्रक्रियागृहाची नोंदवही. सुश्रुतांनी योग्येचा आग्रह शास्त्र जाणणाऱ्या शिष्यासाठीच धरला आहे. ती योग्या कोणी किती केली, याची साक्ष गुरूच्या नावे भरलेल्या रकान्यातून मिळणार नाही.

क्षारसूत्राचे उदाहरण आपल्या नित्य व्यवहारातले. भगंदरात पहिले सूत्र गुरूंच्या देखरेखीखाली विद्यार्थी घालतो, आठवड्यागणिक सूत्र बदलणारे वैद्य वेगळे असतात, आणि केसपेपरवर नाव विभागप्रमुखांचे. पुढे व्याधी उलटला, तर दोष कोणाचा? आभ्यंतर मुख पहिल्याच दिवशी सापडले नसेल, तर ते प्रधानकर्मातील न्यून; सूत्र बदलण्यात खंड पडला असेल, तर पश्चात्कर्मातील. म्हणून पूर्व, प्रधान व पश्चात् या तिन्ही कर्मांचे कर्ते स्वतंत्र रकान्यांत लिहावेत आणि प्रत्येक सूत्रबदलाला दिनांक व स्वाक्षरी असावी.

त्याच ओळीत सूत्राचा बॅच क्रमांकही लिहावा, ही औषधनिर्मात्यांना विशेष विनंती करण्याजोगी गोष्ट आहे. वेष्टनावर तो ठळक छापला, तरच परिचारिका तो उतरवून घेईल. २१ लेपांचे सूत्र मध्येच तुटले किंवा दाह अतिरिक्त झाला, तर हाताचा दोष की सूत्राचा, हे त्याशिवाय ठरविता येत नाही. नोंद रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वीच पुरी करावी. सायंकाळी आठवून भरलेल्या वहीत पुन्हा विभागप्रमुखांचेच नाव येते.