एक नोकरी, अनेक नावे : मानवत रोडवरील आजोबांचा शोध

मराठवाड्यातील अनेक घरांत आजोबांची ओळख एकाच वाक्यात आटोपते. ‘ते रेल्वेत होते.’ कोणत्या हुद्द्यावर होते, किती वर्षे होते, कोणकोणत्या स्थानकांवर त्यांनी रात्री जागवल्या, हे विचारले की वडीलधारी मंडळी क्षणभर थांबतात आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवतात. पेटीत एखादा जुना पास, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, बदलीचा हुकूम आणि निवृत्तीच्या दिवशी काढलेला हार घातलेला फोटो एवढेच असते. मात्र शोधाची सुरुवात तेवढ्यावरही होऊ शकते.

मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. त्याचे स्थानक मात्र गावापासून दूर असल्याने त्याचे नाव ‘मानवत रोड’. ज्या गावाला रूळ थेट भिडले नाहीत, त्या गावाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द जोडण्याची रेल्वेची जुनी रीत आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, नांदेड असा सिकंदराबादकडे जाणारा हा सुमारे 390 मैलांचा मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हे त्याचे मूळ नाव. रुळांमधील अंतर अवघे एक मीटर. हा मार्ग आला आणि मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या जवळ आला. अडत, सरकी आणि किराणा यांच्या व्यापारात असलेल्या अनेक जैन कुटुंबांच्या पेढ्यांनाही या मार्गाचा आधार मिळाला. काही घरांतील मुले मात्र पेढीवर न बसता तिकीटखिडकीमागे, तारयंत्रापुढे किंवा मालधक्क्यावर उभी राहिली.

मालक बदलले, खुर्ची तीच

शोध घेणाऱ्यांची पहिली दिशाभूल येथेच होते. कागदावर ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ असे नाव दिसते, दुसऱ्या कागदावर ‘मध्य रेल्वे’, तिसऱ्यावर ‘दक्षिण मध्य रेल्वे’. आजोबांनी तीन नोकऱ्या केल्या असाव्यात, असा समज होतो. वस्तुतः नोकरी एकच असते.

हा मार्ग आरंभी कंपनीच्या हाती होता. 1930 मध्ये निजाम सरकारने रेल्वे स्वतःकडे घेतली. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1950 मध्ये ही रेल्वे भारत सरकारच्या व्यवस्थेत आली. 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा निजाम स्टेट रेल्वे तिच्यात समाविष्ट झाली. 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे अस्तित्वात आली. म्हणजे 1929 मध्ये रुजू होऊन 1966 च्या अखेरीपर्यंत काम करणाऱ्या माणसाने एकाही दिवसाचा खंड न पाडता वेगवेगळ्या नावांखाली चाकरी केली. पुढे 2003 मध्ये नांदेड विभाग निर्माण झाला आणि आज मानवत रोड त्याच विभागात आहे. त्यामुळे जुन्या कागदांचा माग नांदेडपाशी न थांबता बहुधा सिकंदराबादकडे वळतो.

दुसरी अडचण तारखांची. निजामी राजवटीतील दाखले पुष्कळदा उर्दूत असून त्यांवर फसली सन असतो. आजूर, दै, बहमन अशी महिन्यांची नावे दिसली की फसली वर्षात 590 मिळवावेत. 1339 फसली म्हणजे ऑक्टोबर 1929 च्या सुमारास सुरू झालेले वर्ष. रेल्वेचे कामकाज मात्र इंग्रजीत चाले. त्यामुळे जन्मतारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतीच आढळल्यास कोणावर खोटेपणाचा आळ घेण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा.

तिसरी गुंतागुंत नावाची. आपल्या समाजात एकच व्यक्ती शाळेत ‘कासलीवाल’, मंदिराच्या देणगी-वहीत केवळ वडिलांच्या नावाने आणि नोकरीत ‘जैन’ म्हणून नोंदलेली असू शकते. इंग्रजी कारकुनाने त्याचे स्पेलिंग कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते. म्हणून अर्ज करताना नावाची सर्व रूपे, वडिलांचे नाव आणि मूळ गाव एकत्र द्यावे.

कागद कोठे मिळतात?

सेवापुस्तिका हा खरा खजिना. नेमणूक, पगारवाढ, बदली, रजा, शिक्षा आणि शाबासकी सारे तिच्यात असते. परंतु असे कागद कायमचे जतन होत नाहीत. ठरावीक मुदतीनंतर ते निकाली निघतात. विभागीय कार्मिक कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि त्याचे उत्तर सामान्यतः 30 दिवसांत मिळणे अपेक्षित असते. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडल्यास काम सुकर होते. निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक हाती असेल तर निम्मा शोध झालाच म्हणायचा.

तो क्रमांक नसेल तर? येथे अनेक घरांतील एका जुन्या सलाचा उलगडा होतो. ‘सरकारी नोकरी असूनही आजीला पेन्शन का नव्हते? आजोबांनी पैशाचे केले काय?’ असा प्रश्न वर्षानुवर्षे दबक्या आवाजात विचारला जातो. रेल्वेत निवृत्तिवेतनाची योजना नोव्हेंबर 1957 मध्ये आली. तोपर्यंत भविष्य निर्वाह निधीची पद्धत होती, म्हणजे निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे मिळत. त्यानंतरही नोकरीत असलेल्यांना दोहोंपैकी एक निवडण्याची मुभा होती. मुलीचे लग्न किंवा घराचे बांधकाम समोर असलेल्या माणसाला हातात येणारी रक्कम अधिक खात्रीची वाटली, तर नवल नाही. त्यामुळे आजोबांना उधळे ठरवण्यापूर्वी निधीची ती चिठ्ठी एकदा नीट वाचावी.

अधिकारीवर्गाची नावे छापील सेवा-सूचींत सापडतात, पण पॉइंट्समन, गँगमन किंवा तारबाबू यांची सापडत नाहीत. अशा वेळी व्यक्तीऐवजी रेल्वेचा इतिहास शोधावा. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, त्याचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आणि हैदराबादमधील तारनाका येथील राज्य अभिलेखागार येथे निजामकालीन कागदपत्रे आहेत. नाव मिळाले नाही तरी आजोबा ज्या जगात वावरले ते जग तेथे भेटते.

माणसांची स्मृती

कागदाआधी गाठावीत ती ऐंशी-नव्वदीतली माणसे. त्यांना हुद्दा विचारू नये. तो त्यांना बहुधा आठवत नाही. क्वार्टरला पाणी कोठून येई, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात रात्रपाळीचा डबा कसा जाई, धावत्या इंजिनाच्या चालकाकडे टोकनची रिंग कोण देई, 1948 च्या त्या धास्तीच्या महिन्यांत घर कोठे हलवले होते, असे विचारावे. एका उत्तरातून दुसरे निघते. रॉकेलचा कंदील पुसणारा हात आठवला की माणूस दिवाबत्तीच्या कामावर होता, हे कळते. ‘गाडी येण्याआधी ते घंटीच्या यंत्राशी बसत’ असे कोणी म्हणाले, तर स्थानकमास्तर किंवा त्यांचे सहायक असण्याचा संभव वाढतो.

1990 च्या दशकात रूळ रुंद झाले आणि मीटरगेजची ती छोटी गाडी गेली. तिच्यासोबत राबलेली पिढीही आता फारशी उरलेली नाही. म्हणून या चातुर्मासात घरी नातवंडे जमतील तेव्हा पेटी खाली उतरवावी, फोटोच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात : नाव, काम, स्थानक, साल. साल ठाऊक नसेल तर ती जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा पाहूनच उद्या कोणीतरी शोधायला निघेल.