नुस्तें नसलं तरी जेवण होतं

पेडण्यात किंवा डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलामुलींशी रात्रीच्या जेवणाचा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं: "नुस्तें केवढं महाग झालंय! घरी रांधून करायचं काय?" मोपाच्या विमानतळावर पाळीत काम करणारे हेच सांगतात, तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींतले कामगारही हेच. मासळीशिवाय जेवण नाही, मासळी परवडत नाही, म्हणून स्वयंपाकही परवडत नाही, असा हा हिशेब. तो साफ चुकीचा आहे. महिन्याच्या पगारातला बराच पैसा त्यापायी रोज संध्याकाळी गाड्यावर आणि हॉटेलात जातो, म्हणून सविस्तर सांगायला हवं.

रोज ताजी मासळी ही गोव्यातल्या प्रत्येक घराची रीत कधीच नव्हती. डिचोली तालुक्याला समुद्रकिनाराच नाही. पेडण्याला हरमल, मांद्रे, मोरजी आहेत, तसेच चांदेल आणि इब्रामपूरसारखे किनाऱ्यापासून दूरचे गावही आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. श्रावण, सोमवार, चतुर्थी हे शिवराक दिवस वेगळेच. या दिवसांत आपल्या आयाआज्यांनी कुणाला उपाशी ठेवलं नाही. मुगागाठी, खतखतें, अळसांद्याचं तोणाक हे त्यांचंच रांधप. भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर पिकणारे अळसांदे तर आपल्या मातीतलेच.

"पण त्यात ताकद कुठे असते?" हा पुढचा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. आता ताट पाहा. 50 ग्रॅम कोरड्या अळसांद्यांतून साधारण 10 ग्रॅम प्रथिनं मिळतात, 100 ग्रॅम तांदळातून सात-आठ. एका रात्रीच्या जेवणात दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा भागला. तांदळात लायसिन कमी असतं, ते कडधान्य भरून काढतं. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते तांदूळ देतो. याच संस्थेच्या 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत धान्य आणि डाळी साधारण तीनास एक या प्रमाणात एकत्र खाण्याचा सल्ला आहे, तो यामुळेच. डाळभाताला दुबळं जेवण म्हणणं आता तरी थांबवा. एक गोष्ट मात्र खरी: बी-12 जीवनसत्त्व कडधान्यात नसतं. त्यासाठी दूध, दही, अंडी किंवा अधूनमधून मासळी हवी. त्याला रोज इसवण लागत नाही, बांगडा चालतो.

आता पैसे. अळसांदे किलोला 200 रुपये धरले तरी एका वेळचे 10. उकडे तांदूळ 60 धरले तर 6. पाव नारळ 10, तांबड्या भाजीची अर्धी जुडी 10, कांदा-मिरची-तेल 5, गॅस 10. भाव वरखाली होतील, पण बेरीज 50 रुपयांच्या आसपास राहते. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून सवलतीच्या दरात घेतली तर आणखी कमी.

करायला काय लागतं? सकाळी कामाला जाताना अळसांदे भिजत घाला. संध्याकाळी मीठ घालून कुकरला तीन-चार शिट्या काढा. तेलात मोहरी, कांदा, हिरवी मिरची परतून त्यात शिजलेले अळसांदे ओता, वरून गुळाचा खडा आणि ओलं खोबरं. शेजारच्या शेगडीवर तांबडी भाजी कांदा-मिरचीत टाकून झाकण ठेवा. पाणी घालू नका, ती स्वतःच्याच पाण्यात दहा मिनिटांत शिजते.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात:

"वाटप आल्याशिवाय रांधप येत नाही." वरच्या जेवणात वाटप नाही. तोणाक पुढे शिकता येईल.

"उकड्या तांदळाला गॅस फार लागतो." अर्धा तास भिजवून कुकरला लावला तर नाही. उकडताना कोंड्यातलं बी-1 दाण्यात मुरतं, हा वरचा फायदा.

"सुक्या मासळीत सत्त्व नसतं." वाळवल्यावर पाणी जातं, प्रथिनं राहतात. सुका जवळा भाजून कांदा, खोबरं आणि सोलं घातली की किसमूर तयार. खारवलेली मासळी मात्र धुऊन घ्या, रक्तदाब असेल तर जपून खा.

"खोबऱ्यात कोलेस्टेरॉल असतं." कोणत्याच वनस्पतीत नसतं. खोबऱ्यात संपृक्त चरबी भरपूर असते, म्हणून बेतानं वापरा.

"रात्री भात खाल्ला की माणूस जाडा होतो." दिवसभरात एकूण किती खाल्लं, ते महत्त्वाचं.

"रात्रभर बाहेर राहिलेला भात उकळला की चालतो." हा समज धोक्याचा आहे. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचं एक विष उकळूनही नष्ट होत नाही. दमट हवेत भात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरताच शिजवा.

"भाड्याच्या खोलीत गॅस मिळत नाही." 5 किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

मासळी मिळाली तर आनंदानं खा. ती नसली तर जेवण अडत नाही. एक कुकर, एक कढई आणि मूठभर अळसांदे एवढ्यावर सुरुवात होते. उद्याच करून पाहा.