पानगळीतला गळ

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचं, कॅनडाला खेटून असलेलं राज्य. इथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं मिरवलेलं असतं. जाहिरातीत आकडे फुगवायची रीत असते, इथे मात्र उलटं आहे. दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. एवढं पाणी उशापायथ्याशी असल्यावर माणसं मासे धरणार, हे ओघानंच आलं. मे महिन्यात हंगाम उघडतो तेव्हा अर्धं राज्य रजा टाकून पाण्यावर गेलं की काय, असं वाटतं. पण इथल्या एखाद्या मुरलेल्या माणसाला विचारा, वर्षातले सर्वांत चांगले दिवस कोणते? तो मे-जूनचं नाव घेणार नाही. तो सांगेल, पानगळीचे.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी 'लेबर डे'ची सुट्टी झाली की उन्हाळी पाहुणे आपापल्या शहरांकडे परततात. मोटारबोटींचा धिंगाणा थांबतो. काठावरचे मेपल आधी पिवळे, मग केशरी, मग कुंकवासारखे लाल होतात. आणि पाण्याखाली 'बास' नावाचा मासा खाण्यासाठी वेडापिसा होतो.

मी मूळचा अलिबागकडचा. गळ टाकून मासे धरण्याला आमच्याकडे 'गरवणं' म्हणतात आणि लहानपणी खाडीच्या काठावर गरवण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या. नोकरीच्या निमित्तानं इथे आलो, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. शेजारच्या घरात एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे लहानशी होडी आहे आणि बोलायची सवय कमी आहे. दर पानगळीत आम्ही दोघं पाण्यावर असतो. या काळात जे पाहिलं, शिकलो आणि वाचलं, त्याची ही गोष्ट.

फाटक्या पराचं नाव

आधी या माशाची ओळख. आपल्या जिताड्याला इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात. पण त्याचं आणि या गोड्या पाण्यातल्या बासचं नातं नावापुरतंच. हा बास 'सनफिश'च्या कुळातला आणि अस्सल उत्तर अमेरिकेचा. त्याच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. मोठ्या तोंडाचा 'लार्जमाउथ' वनस्पतींनी भरलेल्या उबदार पाण्यात रमतो. लहान तोंडाच्या 'स्मॉलमाउथ'ला खडकाळ तळाचं, स्वच्छ आणि थंड पाणी लागतं. अंगावर पितळेची झाक, कुशीवर उभे गडद पट्टे, आणि गळाला लागला की पाण्याबाहेर उसळ्या मारायची खोड. आमची सारी धडपड या दुसऱ्यासाठी.

याच्या शास्त्रीय नावाची गोष्ट मजेची आहे. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं या माशाचं वर्णन लिहिलं. त्याच्यापुढे जो नमुना होता, त्याच्या पाठीवरचा पर फाटलेला होता. तुटून वेगळा दिसणारा तुकडा हा या जातीचा खास लहानसा पर आहे, असं समजून त्यानं नाव ठेवलं 'मायक्रोप्टेरस', म्हणजे लहान पराचा. पुढचं 'डोलोमियू' हे खनिजशास्त्रज्ञ डोलोमियू यांच्यावरून. डोलोमाइट दगडाला ज्यांचं नाव आहे, तेच हे. पर फाटका निघाला, पण नाव दोनशे वर्षांनंतरही तेच आहे.

अमेरिकेतल्या शिष्ट मंडळींना पूर्वी ट्राउट तेवढा मानाचा मासा वाटे. १८८१ साली डॉ. जेम्स हेन्शल या वैद्यकीय व्यावसायिकानं 'बुक ऑफ द ब्लॅक बास' हा ग्रंथ लिहून बासची बाजू हिरिरीनं मांडली. तेव्हापासून बासची प्रतिष्ठा वाढत गेली. स्मॉलमाउथचा जागतिक विक्रम १९५५ सालचा आहे, डेल हॉलो या दक्षिणेकडच्या जलाशयातला. वजन ११ पौंड १५ औंस, म्हणजे साधारण ५.४ किलो. आमच्याकडे दोन किलोचा, वीस इंचांचा मासा लागला तरी माणूस आठवडाभर तेच सांगत सुटतो.

पाणी उलटतं तेव्हा

पानगळीत हा मासा एवढा का खातो, हे समजायला पाण्याचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. पाणी सर्वांत जड असतं ते चार अंश सेल्सियसला. त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होतं, म्हणून बर्फ तरंगतो. उन्हाळ्यात खोल तळ्यात वर कोमट पाण्याचा थर आणि खाली गार पाण्याचा थर असे दोन मजले असतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात वरचं पाणी निवतं, जड होऊन खाली जातं, वारा त्याला घुसळतो आणि एक दिवस सगळं तळं वरपासून खालपर्यंत एक होतं. याला इथले लोक 'तळं उलटलं' म्हणतात. पुढे वरचं पाणी चार अंशांच्याही खाली गेलं की त्याचं हलकं पांघरूण होतं आणि त्याचाच बर्फ बनतो. तळाशी मात्र चार अंशांच्या आसपासचं पाणी शिल्लक राहतं. त्या पाण्यात मासे हिवाळा काढतात.

माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की स्मॉलमाउथ मंदावतो. चार-पाच अंशांवर तो खोल जागी, खडकांच्या आडोशाला जवळजवळ निपचित पडून राहतो आणि खाणं नावालाच उरतं. नोव्हेंबरअखेर तळी गोठतात, ती एप्रिलपर्यंत. एवढे महिने काढायचे ते पानगळीत अंगावर चढवलेल्या चरबीवर. मादीच्या पोटात पुढच्या वसंतातली अंडी भरायला लागतात तीही याच दिवसांत.

सर्वांत कठीण असतं ते त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लांचं. बोटाएवढं पिल्लू पानगळीपर्यंत पुरेसं वाढलं नसेल, तर त्याची शिदोरी हिवाळा संपण्याआधीच संपते आणि ते बर्फाखाली उपासमारीनं मरतं. कॅनडातल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवून दिलं, की स्मॉलमाउथ उत्तरेकडे कुठपर्यंत पसरू शकतो, याची सीमा या पहिल्या हिवाळ्यानं आखली जाते. हवामान तापू लागल्यावर ती सीमा आता उत्तरेकडे सरकते आहे.

तीन महिने, तीन तऱ्हा

सप्टेंबरात पाणी अजून अठरा-वीस अंश असतं. मासे उथळ, खडकाळ जागी असतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडी बेडकावरही झेप घेतात. हा झाला पोरखेळ. ऑक्टोबरात पाणी पंधरावरून दहाकडे उतरतं आणि मासे उतारांच्या कडेला, खोल पाण्याच्या जवळ जमू लागतात. आता लहान माशासारखं दिसणारं आमिष तळाजवळून सावकाश ओढायचं. नोव्हेंबरात हालचाल आणखी कमी. जिग नावाचा वजनदार गळ तळाशी टेकवायचा आणि जवळजवळ हलवायचाच नाही. मासा लागतो तेव्हा झटका बसत नाही. तंगूस किंचित जड वाटतो, एवढंच. ते ओळखायला बोटं शाबूत लागतात, आणि बोटं तर बधिर झालेली असतात. काठीच्या कड्यांमधून ओला तंगूस जातो तिथे बर्फाचे मणी धरतात. काठी पाण्यात बुचकळायची, मणी वितळवायचे, पुन्हा गळ टाकायचा. पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, हे तिथे कळतं.

या दिवसांत थंडी गंमत करत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गिस्ब्रेक्ट यांनी गार पाण्यात पडणाऱ्यांसाठी एक सोपं सूत्र दिलंय: एक, दहा, एक. पहिल्या मिनिटात धाप आवरायची, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि साधारण एका तासानं शुद्ध हरपते. पण हा तास मिळतो तो अंगात तरंगतं जाकीट असेल तरच. आमचे शेजारी जाकिटाचा पट्टा आवळल्याशिवाय होडीचा दोर सोडत नाहीत. त्यांच्या लहानपणी घरोघर ११ नोव्हेंबर १९४० ची आठवण निघत असे. त्या दिवशी सकाळ इतकी ऊबदार होती, की बदकांचे शिकारी साध्या कपड्यांत मिसिसिपीच्या पात्रातल्या बेटांवर गेले. दुपारी हिमवादळ आलं. एकट्या मिनेसोटात ४९ माणसं दगावली, त्यांतले बरेचसे हे शिकारीच होते.

आमच्या आवडीचं तळं म्हणजे मिल लॅक्स. नाव फ्रेंच, 'हजार तळी' या अर्थाचं. पण इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत ते नुसतं 'मोठं तळं' आहे. विस्तार पाचशे चौरस किलोमीटरांहून अधिक आणि खोली जास्तीत जास्त जेमतेम बेचाळीस फूट. त्यामुळे वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात. हे तळं पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जायचं ते 'वॉलाय' या चविष्ट माशासाठी. पुढे वॉलायची पिल्लं मोठी होईनाशी झाली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारला तिथे वॉलाय घरी नेणं बंद करावं लागलं. त्याच काळात पाणी अधिक नितळ होत गेलं आणि स्मॉलमाउथ वाढला. २०१७ साली 'बासमास्टर' मासिकानं मिल लॅक्सला बाससाठी देशातलं पहिल्या क्रमांकाचं तळं ठरवलं. एकाच पाण्यात एका माशाची भरती आणि दुसऱ्याची ओहोटी पाहायला मिळाली. काठावरच्या जुन्या लोकांना त्या पहिल्या क्रमांकाचं कौतुक आहे, पण वॉलायचा विषय निघाला की ते गप्प होतात.

मग गेलास कशाला?

एका ऑक्टोबरात माझी आई इथे आली होती. मी संध्याकाळी कुडकुडत घरी आलो आणि दोन किलोचा मासा मिळाल्याचं सांगितलं. तिनं पिशवीकडे पाहिलं. पिशवी रिकामी.

"सोडून दिला," मी म्हटलं.

"अरे, एवढ्या थंडीत गेलास, चांगला दोन किलोचा मासा धरलास आणि सोडून दिलास? मग गेलास कशाला?"

कायद्यानं उत्तर द्यायचं तर सोपं आहे. मिनेसोटात सप्टेंबरच्या मध्यानंतर स्मॉलमाउथ घरी नेता येत नाही. धरायचा आणि सोडायचा. पानगळीत हे मासे हिवाळी जागांवर दाटीनं जमतात. जागा सापडली की एखादी होडी चार दिवसांत ती रिकामी करू शकेल. आणि गार पाण्यात मासा फार सावकाश वाढतो. आपल्याकडे तळ्यातला जिताडा एखाद-दोन वर्षांत किलो-दोन किलोचा होतो. इथला दोन किलोचा स्मॉलमाउथ दहा वर्षांहून अधिक वयाचा असणं अगदी सामान्य आहे. तव्यावर तो पाच मिनिटांत होईल, तळ्यात त्याची जागा भरायला दहा हिवाळे लागतील.

पण नुसतं सोडून दिलं म्हणजे मासा वाचला, असंही नाही. एका नोव्हेंबरात आम्हाला अशी जागा लागली, की टाकला गळ की मासा. चौथ्या माशानंतर शेजाऱ्यांनी खोली दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. अडतीस फूट. त्यांनी न बोलता काठी गुंडाळली आणि नांगर उचलला. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं: बासच्या पोटात हवेची बंद पिशवी असते. तीस-पस्तीस फुटांवरून झटकन वर आणला, की दाब कमी होऊन ती फुगते. मग सोडलेला मासा खाली जाऊ शकत नाही, पृष्ठभागावर कलंडून राहतो. कायद्यानं तुम्ही निर्दोष, पण मासा मेलेलाच. त्या दिवशी आम्ही दुसरीकडे गेलो आणि तिथे काहीही लागलं नाही.

शेजाऱ्यांच्या पेटीत शिशाची वजनंही नाहीत. तुटलेल्या तंगुसाबरोबर बुडालेली शिशाची एक लहान गोळी गिळली, तरी 'लून' हा इथला राज्यपक्षी विषबाधेनं मरू शकतो. वजनं दुसऱ्या धातूंची मिळतात, महाग पडतात. शिवाय प्रत्येक काठीच्या आणि गळाच्या किमतीत केंद्र सरकारचा कर असतो. १९५० च्या कायद्यानं तो पैसा राज्यांकडे मत्स्यसंवर्धनासाठी जातो. मासे धरणाराच मासे राखण्याचा खर्च उचलतो, असा हा हिशोब.

हे सगळं मी आईला जमेल तसं सांगितलं. तिनं कर आणि कायदा फारसा मनावर घेतला नाही. अंड्यांचं ऐकलं तेव्हा मात्र तिची मान हलली. "म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे होड्या ओढून ठेवतात, तसंच की," ती म्हणाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि कायदा नव्हता तेव्हाही कोळी बांधव नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्याशिवाय होड्या लोटत नसत. ज्या दिवसांत मासळी पोटुशी, त्या दिवसांत हात आवरायचा, हे आईला कुणी शिकवावं लागलं नाही. तेवढ्यावर ती थांबली नाही, हेही खरं. "पण उन्हाळ्यात धरलेला चालतो ना? मग मी जूनमध्ये येते," असं तिनं बजावलं, आणि पुढच्या खेपेला आली ती जूनमध्येच. कोकम घालून कालवण झालं.

तुमची मुलं, सुना, जावई इकडच्या उत्तरेकडच्या राज्यांत असतील, तर तुम्हीही बहुधा उन्हाळ्यातच येत असाल. एकदा ऑक्टोबरात या. मिनेसोटात पाहुण्यांना एका दिवसाचा परवानाही मिळतो. जाड मोजे, कानटोपी आणि चहाचा थर्मास बरोबर घ्या. मासा लागला, तर हात आधी ओले करा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघणार नाही. फोटो काढायचा तर झटकन काढा. मग त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरा आणि थांबा. घाई करू नका. कल्ले दोन-चारदा उघडमीट करतील, आणि तो स्वतःच शेपटीचा फटकारा मारून खाली जाईल. तुमची बाही भिजेल. बर्फ धरायला तेव्हा महिनाभर उरलेला असेल, आणि त्याला अजून बरंच खायचं असेल.