अमेरिकेंतील यादवी युद्धाचें कारण : अस्सल कागद व मागाहूनच्या कैफियती

लढाईनंतर पन्नास-पाऊणशें वर्षांनीं लिहिलेली बखर आणि लढाईच्या आदल्या दिवशीं छावणींतून रवाना झालेलें पत्र यांत विरोध आढळला, तर पत्र ग्राह्य व बखर संशयित, हा दंडक आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तोच दंडक परदेशच्या एका वादग्रस्त प्रश्नास लावून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सन १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें, तें कशामुळें? एक पक्ष म्हणतो, गुलामगिरीमुळें. दुसरा म्हणतो, गुलामगिरी निमित्तमात्र. खरा तंटा घटक संस्थानांचे हक्क आणि मध्यवर्ती सत्ता यांचा. या युद्धांत सुमारें ६ लक्ष २० हजार माणसें मेलीं असा जुना अदमास असून अलीकडील गणनेनें तो ७ लक्षांच्या घरांत किंवा त्याहूनही वर जातो. इतकीं माणसें कशापायीं मेलीं, हें ठरविणें ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. सन १७८७ च्या राज्यघटनेंत ‘गुलाम’ हा शब्द एकदांही आलेला नाहीं. वस्तु मात्र आहे. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना गुलामांची गणना तीन-पंचमांशानें करावी, त्यांची आयात सन १८०८ पूर्वीं बंद करूं नये, व एका संस्थानांतून पळालेला गुलाम दुसऱ्यानें परत द्यावा, असा अर्थ आडवळणाच्या शब्दांत तेथें घातला आहे. पुढें सन १७९३ मध्यें एली व्हिटनी यानें सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें आणि दक्षिणेंत कापसाची लागवड झपाट्यानें पसरली. सन १७९० च्या खानेसुमारींत गुलाम सुमारें ७ लक्ष होते. सन १८६० मध्यें ते ३९ लक्ष ५० हजारांवर गेले.

पश्चिमेकडील नव्या मुलखांत गुलामगिरी असावी कीं नसावी, यावर सन १८२०, १८५० व १८५४ मध्यें तडजोडी झाल्या. त्यांतील एकही टिकली नाहीं. बोस्टनमध्यें १ जानेवारी १८३१ रोजीं विल्यम लॉइड गॅरिसन यानें आपलें मुक्तिवादी पत्र काढलें. स्वतः दास्यांतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यानें सन १८४५ मध्यें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. हे मुक्तिवादी उत्तरेंतही अल्पसंख्यच होते. तथापि सन १८३१ मधील नॅट टर्नरचें बंड व सन १८५९ मधील जॉन ब्राउनचा हार्पर्स फेरीवरील छापा यांमुळें दक्षिणेंतील मालकांच्या मनांत त्यांची धास्ती संख्येच्या मानानें फार मोठी बसली. ६ नोव्हेंबर १८६० रोजीं लिंकन निवडून आला. नव्या मुलखांत गुलामगिरी पसरूं द्यावयाची नाहीं, हें त्याच्या पक्षाचें धोरण होतें. २० डिसेंबर रोजीं दक्षिण कॅरोलिना संघांतून फुटली.

आतां मुख्य कागदांकडे वळूं. फुटलेल्या अकरा संस्थानांपैकीं दक्षिण कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया व टेक्सास या चारांनीं आपलीं कारणें सविस्तर लिहून प्रसिद्ध केलीं. दक्षिण कॅरोलिनेचा जाहीरनामा २४ डिसेंबर १८६० चा आहे. संस्थानांचे हक्क त्यांत आहेत. परंतु तक्रार काय आहे? उत्तरेकडील संस्थानें फरारी गुलाम परत देत नाहींत, त्याविरुद्ध आपापले कायदे करितात, आणि न्यूयॉर्कचीं न्यायालयें तर गुलाम घेऊन जाण्यापुरती वाटही देत नाहींत! म्हणजे तक्रार उत्तरेच्या संस्थानांनीं आपले हक्क बजावले, ही आहे. फरारी गुलामांविषयींचा सन १८५० चा मध्यवर्ती कायदाही दक्षिणेनेंच मागितला होता. त्याअन्वयें गुलाम परत दिल्यास निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यास दहा डॉलर व सोडल्यास पांच डॉलर मेहनताना मिळे. जकातीचा तंटा पुढें फार गाजविण्यांत आला. या जाहीरनाम्यांत त्याचा उल्लेख नाहीं. जॉर्जियाच्या कागदांत उत्तरेच्या व्यापाऱ्यांस मिळणाऱ्या सवलतींची कुरकुर आहे खरी, पण आरंभ व अखेरचा भर गुलामगिरीवरच आहे.

कागद आणि कैफियत यांतील अंतर एकाच पुरुषाच्या ठिकाणीं पाहावयाचें असेल, तर अलेक्झांडर स्टीफन्स याचें उदाहरण घ्यावें. हा फुटीर संघाचा उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ रोजीं सव्हाना येथील भाषणांत त्यानें काळ्यांची कनिष्ठता व त्यांचें दास्य यांस नव्या राज्याची कोनशिला म्हटलें. पराभवानंतर सन १८६८ व १८७० मध्यें त्याच गृहस्थानें दोन खंडांचा ग्रंथ काढून तंटा राज्यघटनेच्या अर्थाविषयीं होता, असें प्रतिपादन केलें. येथें पाठचिकित्सेचा एक आक्षेप येतो. भाषणाचा उपलब्ध पाठ बातमीदाराच्या टिपणावरून छापलेला आहे, आणि सन १८६५ मध्यें कैदेंत असतां लिहिलेल्या रोजनिशींत स्टीफन्सनें तें टिपण सदोष ठरविलें आहे. आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाहीं; पण भाषणापूर्वीं दहाच दिवस, ११ मार्च रोजीं मंजूर झालेली फुटीर संघाची राज्यघटना हा स्वतंत्र पुरावा आहे. सन १७८७ मध्यें टाळलेला शब्द तींत उघड लिहिला असून गुलामांवरील मालकी नाकारणारा कायदा करण्यास स्पष्ट मनाई आहे. पाठ सदोष असला तरी आशय खोटा नाहीं.

उलट बाजूचे कागदही तितक्याच कसोशीनें पाहिले पाहिजेत. व्हर्जिनियादि चार संस्थानें सुमटर किल्ल्यावरील एप्रिल १८६१ च्या माऱ्यानंतर, लिंकननें फौज मागविल्यावर फुटलीं. त्यांचें तात्कालिक कारण निराळें धरावें लागतें. २२ ऑगस्ट १८६२ रोजीं लिंकननें संपादक होरेस ग्रीली यास लिहिलेल्या पत्रांत आपला मुख्य हेतु संघाचें रक्षण, दास्याचा उच्छेद नव्हे, असें म्हटलें आहे. पत्र अस्सल आहे. परंतु मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानें एक महिना आधींच, २२ जुलै रोजीं, मंत्रिमंडळास वाचून दाखविला होता. अस्सल पत्रही एकटें वाचल्यास फसविते. आमचा निष्कर्ष असा : दक्षिण फुटली ती गुलामगिरी राखण्यासाठीं, उत्तरेनें शस्त्र धरलें तें प्रथम संघ राखण्यासाठीं, आणि १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यानें व सैन्यांत दाखल झालेल्या सुमारें १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णीय शिपायांनीं युद्धाचा हेतु पालटला. ६ डिसेंबर १८६५ रोजीं घटनेच्या तेराव्या दुरुस्तीस मान्यता पूर्ण होऊन गुलामगिरी संपली.

या युद्धाचे पडसाद आमच्याकडेही उमटले. अमेरिकेचा कापूस अडल्यानें मुंबईस अमाप पैसा आला आणि सन १८६५ मध्यें तितक्याच वेगानें बुडाला. जोतीराव फुले यांनीं सन १८७३ मध्यें आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. त्या युद्धाचा अर्थ त्यांनीं काय केला, हें या अर्पणावरूनच उघड होतें.

शेवटीं संग्राहकांसाठीं दोन गोष्टी. मुक्तीच्या अंतिम जाहीरनाम्याचा लिंकनच्या हातचा मसुदा शिकागोच्या सन १८७१ च्या आगींत जळाला. सरकारी दप्तरांतली प्रत मात्र सुरक्षित आहे. दुसरी गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. सन १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांचे स्वतंत्र तक्ते आहेत. त्यांत मालकाचें नांव आहे. त्याखालीं वय, लिंग व वर्ण यांच्या ओळी आहेत. गुलामाचें नांव बहुधा नाहीं. कैफियती लिहिणारांनीं वादाच्या केंद्रांतून जीं माणसें मागाहून पुसून टाकलीं, त्यांचीं नांवें मुळांतच लिहून घेतलेलीं नव्हतीं. अशा तक्त्यांतील रिकामी जागाही पुरावाच होय, आणि ती वाचतां येणें हें संशोधकाचें काम आहे.