कड खडबडीत दिसली म्हणून कार्ड टाकू नका!

भोसरी-चाकणला शॉपवर काम करणाऱ्यांना सांगायला नको: धार गेली की कापलेल्या पत्र्याला बर येते. खेळाडूंच्या जमवायच्या कार्डांचंही तसंच. देहूरोडला लहानपणी बबलगमसोबत मिळणारे क्रिकेटपटूंचे फोटो जमवायचो, तेव्हा कड कोण बघत होतं!

कार्डाची अवस्था तपासून गुण देणारे ग्रेडिंगवाले मात्र कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे का, सगळं बघतात. मग खडबडीत कडेचे गुण कापतात? नेहमी नाही. आइस हॉकीच्या वेन ग्रेट्झ्कीचं १९७९-८०चं ओ-पी-ची कार्ड घ्या. कॅनडाची ही कंपनी छापील शीट तारेने कापायची, म्हणून कडेला कागदाचे तंतू. हा कारखान्याचाच कट, त्यामुळे तो सहसा फार नडत नाही. २०२१ मध्ये याच कार्डाची पीएसए या ग्रेडिंग कंपनीने १० म्हणजे सर्वोच्च ग्रेड दिलेली प्रत ३७.५ लाख डॉलरला गेली.

उलट याची कड गुळगुळीत दिसली की माझ्या मनात पाल चुकचुकते: मागाहून कापलंय का? तसं आढळलं तर ग्रेडचा आकडाच मिळत नाही. अर्थात तज्ज्ञही फसतात. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी२०६ मालिकेतलं सर्वांत गाजलेलं कार्ड पीएसए ८ ठरलं होतं. लिलाववाल्या बिल मास्ट्रोने ते कापल्याची कबुली २०१३ मध्ये दिली.

मागाहून कापलेलं कार्ड मापात कमी भरू शकतं. ग्रेट्झ्कीचं ओ-पी-ची कार्ड ६.३५ बाय ८.८९ सेंटिमीटरचं. व्हर्निअर आपल्याकडे घरोघरी सापडेल, लावून बघा.