सेना की आरमार?

बुद्धिबळाचा पट मांडला की दोन्ही बाजूंची मोहरी ठरलेली असतात. नवे मोहरे घेण्याचा प्रसंग एकच, आणि तो प्यादे शेवटच्या घरात पोचते तेव्हाचा. अशा वेळी बहुतेक खेळाडू डोळे मिटून वजीर मागतात, कारण वजिराहून बळकट मोहरे पटावर नाही. बळात उघड फरक असला म्हणजे निवड करणे सोपे असते. परंतु निवडीला दोनच मोहरी असली आणि दोहोंचे बळ अगदी समसमान असले, तर कोणते घ्यावे हे कशावरून ठरवावे? ह्या प्रश्नाचा विचार आज आपण एका खेळाच्या आधारे करू.

ह्या खेळाचे नाव ‘डिप्लोमसी’, म्हणजे मुत्सद्देगिरी. अमेरिकेतील अ‍ॅलन कॅल्हॅमर ह्यांनी तो रचला आणि १९५९ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला. पटावर १९०१ सालचा युरोप मांडलेला असतो. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान ह्या सात सत्ता सात खेळाडूंच्या हाती असतात. पुरवठ्याची केंद्रे ३४. त्यांपैकी १८ जो मिळवील तो जिंकला. फासे नाहीत, पत्तेही नाहीत. वर्षाला दोन चाली होतात, एक वसंतात आणि एक शरदात. प्रत्येक चालीपूर्वी खेळाडू कोपऱ्यांत जाऊन खलबते करतात, एकमेकांस वचने देतात, आणि मग आपले हुकूम गुपचूप लिहितात. ते सर्वांचे एकदम उघडले जातात. दिलेले वचन पाळलेच पाहिजे असा नियम मात्र नाही!

शरदातील चालीनंतर हिशेब होतो. ज्याच्याकडे जितकी केंद्रे, तितकीच त्याची दले. केंद्रे वाढली तर आपल्या मूळ मुलखातील रिकाम्या केंद्रात नवे दल उभारावयाचे. घटली तर असलेले मोडावयाचे. दले दोनच प्रकारची, सेना आणि आरमार. एक सेना आणि एक आरमार समोरासमोर आली तर कोणीच हटत नाही. शेजारच्या दुसऱ्या दलाची कुमक मिळाली तरच पारडे झुकते.

मग फरक कशात आहे? तो जाण्याच्या वाटेत आहे. सेना जमिनीवर कोठेही जाईल; आरमार समुद्रात आणि किनाऱ्याच्या प्रांतांत जाईल. सर्बिया, व्हिएन्ना, म्यूनिक, मॉस्को येथे आरमाराचा काहीच उपयोग नाही. शिवाय ज्या प्रांतात दलाला स्वतः जाता येते, त्याच प्रांतासाठी ते कुमक देऊ शकते. उलट पक्षी, इंग्लंडने केवळ सेनाच उभारल्या तर त्या आपल्या बेटावरच बसून राहतील, कारण त्यांना पलीकडे उतरविण्यास समुद्रात आरमार असावे लागते. म्हणूनच आरंभी इंग्लंडला दोन आरमारे आणि एकच सेना मिळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एकदा उभारलेल्या आरमाराच्या बदल्यात सेना मागता येत नाही. रशियाचे सेव्हास्तोपोलचे आरमार काळ्या समुद्रात फिरेल; पण कॉन्स्टँटिनोपल तुर्कांकडे असेतोवर त्याला भूमध्य समुद्राची वाट बंद. लंडनहून निघालेल्या आरमाराला पश्चिम भूमध्य समुद्र गाठण्यास, कोणी अडविले नाही तरी, तीन चाली, म्हणजे दीड वर्ष लागते. तेव्हा निवड करताना आजची निकड पाहून भागत नाही. हे दल दोन वर्षांनी कोठे हवे असेल, हे पाहावे लागते.

येथपर्यंतचा विचार भूगोलाचा झाला. खरी मेख पुढे आहे. नवे दल सर्वांच्या डोळ्यांदेखत पटावर उभे राहते. जर्मनीने कीलमध्ये आरमार उभारले की इंग्लंडचा खेळाडू सावध होतो. फ्रान्सचे आरमार ब्रेस्टला दिसले तर इंग्लंडला धसका, मार्सेला दिसले तर इटलीला. रशियाने पीटर्सबर्गच्या उत्तर किनाऱ्यावर आरमार ठेवले, तर ते नॉर्वेवर, पर्यायाने इंग्लंडवर, रोखलेले आहे असेच सारे धरून चालतात. तोंडाने मैत्रीच्या कितीही गोष्टी केल्या तरी ह्या साक्षीपुढे त्या फिक्या पडतात.

चालीविषयीचे वचन मोडले हे घाव बसल्यावरच कळते. उभारणीविषयीचे वचन मोडले तर ते हिवाळ्यातच दिसते, आणि वसंतातील घावापूर्वी सावरण्यास थोडा अवधी मिळतो. म्हणून जाणते खेळाडू “मी तुझ्यावर येणार नाही” एवढ्या शब्दावर समाधान मानीत नाहीत. “ब्रेस्टमध्ये आरमार उभारू नकोस” अशी पडताळून पाहता येईल अशी अट घालतात.

हा नियम केवळ पटावरचा नव्हे. जर्मनीने १८९८ आणि १९०० मध्ये आरमार वाढविण्याचे कायदे केले. त्यांचा सूत्रधार होता तिर्पित्झ. जर्मनीच्या जमिनीवरील सरहद्दी फ्रान्स आणि रशिया ह्यांना भिडलेल्या. उत्तर समुद्रातील त्या युद्धनौका मात्र ब्रिटनने आपल्यावरच रोखलेल्या मानल्या. १९०४ मध्ये ब्रिटनने फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुने तंटे मिटविले. त्याला कारणे अनेक होती, परंतु ह्या आरमाराची धास्ती त्यांत निश्चित होती. पुढे जून १९१९ मध्ये स्कॅपा फ्लो येथे नजरकैदेत पडलेल्या आपल्याच नौकांना जर्मन खलाशांनी जलसमाधी दिली. ज्यावर अपार पैसा ओतला ते आरमार जर्मनीला समुद्र मोकळा करून देऊ शकले नाही. वैरी मात्र त्याने जोडून दिले.

तेव्हा हिवाळ्याच्या चिठ्ठीवर ‘सेना’ किंवा ‘आरमार’ लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हे दल कोणत्या केंद्रापर्यंत पोचू शकेल? तेथे त्याला कुमक कोण देईल? आणि ते पाहून ज्याची झोप उडेल, त्याचे वैर आपल्याला परवडेल काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकाशा पाहून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी पट क्षणभर शेजाऱ्याच्या बाजूने पाहावा लागतो, आणि त्याचाच आपल्याला सहसा कंटाळा असतो.