मोकळा पाय

फिगर स्केटिंगमध्ये एक विक्रम एका पुसट स्पर्शानं हुकला. 1986 साली कोपनहेगनच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या योझेफ साबोव्चिकनं हवेत चार गिरक्या घेऊन उडी पूर्ण केली. असं याआधी स्पर्धेत कुणी केलं नव्हतं. विक्रम म्हणून नोंदही झाली. पण काही आठवड्यांतच ती नोंद रद्द झाली, कारण उतरताना त्याचा दुसरा, मोकळा पाय बर्फाला टेकला होता. मग 1988 मध्ये बुडापेस्टला कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगनं हीच उडी घेतली आणि तो मान त्याच्याकडे गेला. ऑलिंपिकमध्ये मात्र ती पहिल्यांदा दिसली 1992 साली, फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलला. घेणारा पुन्हा चेकोस्लोव्हाकियाचाच होता : प्रागमध्ये जन्मलेला पेत्र बार्ना.

चार गिरक्यांच्या उडीबद्दल आपण बोलतो तेव्हा कौतुक गिरक्यांचं होतं. मला मात्र यातला खरा नायक तो मोकळा पायच वाटतो.

बार्नाची उडी होती टो लूप. स्केटर पाठीच्या दिशेनं, एका पायाच्या बाहेरच्या धारेवर घसरत येतो. स्केटचं पातं जेमतेम चार मिलिमीटर जाड असतं. त्याला मधोमध खोबण असते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात. स्केटर दुसरा पाय मागे नेऊन हे दाते बर्फात खुपसतो आणि त्या टेकूवर वेगानं वर उचलला जातो. फिगर स्केटिंगचा बर्फ हॉकीच्या बर्फापेक्षा किंचित कमी थंड आणि मऊ ठेवतात, तो याचसाठी. फार कडक बर्फात दाते रुतण्याऐवजी बर्फाचे टवके उडतात.

पाय सुटला की हिशेब संपला. गिरकी घेण्यासाठी लागणारा कोनीय संवेग बर्फाला रेटूनच मिळवावा लागतो. हवेत रेटायला काहीच नसतं, त्यामुळे वर गेल्यावर त्यात रतीभरही भर घालता येत नाही. आहे तेवढा संवेग कसा वापरायचा, एवढंच शरीराच्या हाती राहतं. हात छातीशी घट्ट घेतले, पाय एकमेकांवर आवळले, की वजन अक्षाजवळ येतं आणि गिरकीचा वेग वाढतो.

मग आणखी उंच का उडू नये? इथं गणित आडवं येतं. हवेत राहण्याचा वेळ 0.6 सेकंदांवरून 0.7 सेकंदांवर न्यायचा, तर उडीची उंची सुमारे 44 सेंटिमीटरवरून 60 सेंटिमीटरवर न्यावी लागते. म्हणजे वेळ सतरा टक्के वाढवण्यासाठी उंची छत्तीस टक्के वाढवायची. पायांकडून एवढी वसुली फार काळ होत नाही. त्यामुळे चौथी गिरकी येते ती मुख्यतः शरीर लवकर आणि घट्ट आवळण्यातून. सेकंदाला पाच गिरक्यांच्या वेगानं फिरणाऱ्या माणसासाठी सेकंदाचा विसावा भाग म्हणजे पाव गिरकी. हात मिटायला तेवढाच उशीर झाला, तरी उतरताना तोंड भलत्या दिशेला असतं.

आणि मग उतरणं. साठ सेंटिमीटरवरून खाली येताना वेग ताशी बारा किलोमीटरच्या आसपास असतो. एका पायावर, उलटं घसरत, त्याच अरुंद धारेवर उतरायचं. वर अंगात गिरकी अजून जिवंत आहे. ती कशी मारायची? जे आवळलं होतं ते उघडून. हात फाकतात आणि आतापर्यंत दुसऱ्या पायाला चिकटलेला पाय मोठं वर्तुळ काढत मागे जातो. वजन अक्षापासून दूर गेलं की गिरकी मंदावते. उरलेली गिरकी बर्फाशी घासून संपते आणि उतरण्याची रेघ एका वळणावर स्थिरावते. ज्या पायानं दाते रुतवून उडी उचलली, तोच पाय आता ब्रेक होतो. तो जितका लांब जाईल तितकं बरं, पण बर्फापासून बोटभर वरून. गुडघा धक्का झेलायला वाकतो, कंबर खाली येते, तसा मोकळा पायही खाली ओढला जातो. साबोव्चिकचा टेकला तो याच क्षणी. त्या पायाला मी दोष देऊच शकत नाही.

बार्नानं 1989 मध्ये युरोपीय कांस्य, पुढची दोन वर्षं रौप्य मिळवलं. दोन्ही वेळा पुढे व्हिक्टर पेट्रेंको. 1992 मध्ये लोझानला त्यानं पेट्रेंकोला मागे टाकून सुवर्ण घेतलं. त्याच्या कारकिर्दीच्या बऱ्याच काळात, 1990 पर्यंत, स्केटरना बर्फावर ठरलेल्या आकृत्या कोरून दाखवाव्या लागत. एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा, कानामात्रा न चुकता. प्रेक्षकांना त्या कंटाळवाण्या वाटत. पण उडीनंतर जी वक्र रेघ उमटते, ती त्याच वर्तुळांचा तुकडा असते. मला वाटतं, धारेवर उभं राहण्याची ती तालीम उतरताना कामी येत असणार.

आल्बेरव्हिलला मात्र चार गिरक्यांनी पदकाचा रंग बदलला नाही. परीक्षक सहापैकी गुण देत आणि संपूर्ण कार्यक्रम तोलत. एका अवघड उडीला वेगळं मोल असं नव्हतं. पेट्रेंकोला सुवर्ण मिळालं, अमेरिकेच्या पॉल वायलीला रौप्य, बार्नाला कांस्य. त्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाला तीनच पदकं मिळाली, तिन्ही कांस्य. पुढच्या जानेवारीत तो देश नकाशावर उरला नाही.

आज स्पर्धेत चार गिरक्या नेहमीच्या झाल्या आहेत. 2022 मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिननं साडेचार गिरक्यांची अ‍ॅक्सेल उडीही पूर्ण केली. टो लूपनंतर बर्फ जवळून पाहिला, तर येतानाची रेघ सोडून अजूनही दोनच खुणा सापडायला हव्यात : दात्यांनी पाडलेलं एक खोल भोक आणि थोड्या अंतरावर विळ्यासारखी वळलेली एक पांढरी रेघ. त्या वळलेल्या रेघेच्या शेजारी आणखी ओरखडा नसावा.